जनुकाचं काम मंदावलं तर उंदरांच्या प्रजननावर आणि पिल्लांवर काय परिणाम होतो? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवशास्त्राचे विद्यार्थी, प्राणिगृहात काम करणारे सहकारी आणि वंध्यत्वाच्या उपचारांमुळे या विषयाकडे वळलेले वाचक, या सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच शंका असते: जनुक बिघडलेलं नाही, फक्त कमी चालतंय, तर एवढा फरक का पडावा? उत्तर प्रत्येक जनुकागणिक बदलतं, म्हणून खाली शक्य तिथे खरी उदाहरणं दिली आहेत.

जनुकाची अभिव्यक्ती कमी होते म्हणजे नक्की काय होतं?

पेशी जनुकावरून आरएनएची प्रत काढते आणि बहुतेक वेळा त्या प्रतीवरून प्रथिन बनवते. किती प्रती निघाल्या, त्या किती वेळ टिकल्या आणि त्यांवरून किती प्रथिन तयार झालं, हे सगळं अभिव्यक्तीत येतं. ती कमी झाली तरी जनुक आपल्या जागी असतं, अनेकदा त्यातली माहितीही शाबूत असते. घटतं ते त्याचं उत्पादन.

इथेच एक सावधगिरी सांगायला हवी. आरएनए निम्मा झाला म्हणजे प्रथिनही निम्मं झालं असं धरून चालू नये. काही प्रथिनं फार हळू झिजतात, त्यामुळे आरएनए कमी होऊनही त्यांचा साठा बराच काळ टिकतो. दोन्ही मोजल्याशिवाय निष्कर्ष काढला, तर तो अर्ध्या माहितीवरचा ठरतो.

नॉकआउट आणि नॉकडाउन यांत फरक काय?

नॉकआउटमध्ये जनुक निकामी करतात. उंदरात हे साधणाऱ्या तंत्रासाठी मारिओ कॅपेची, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ चं नोबेल मिळालं. नॉकडाउनमध्ये जनुकाला हात लावत नाहीत, त्याच्या आरएनएचा नाश घडवतात. त्यामागच्या आरएनए-हस्तक्षेप या यंत्रणेसाठी अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना आदल्याच वर्षी, २००६ मध्ये नोबेल मिळालं होतं. त्यांचं काम सूत्रकृमीवरचं होतं. उंदराच्या अंडपेशीत आणि नुकत्याच फळलेल्या बीजात दुपेडी आरएनए टोचून ठरावीक जनुक दाबता येतं, हे २००० साली दाखवलं गेलं.

या दोहोंच्या मधलेही प्रकार आहेत. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच मोडलेली असली तर त्या उंदराला हेटरोझायगस म्हणतात. जनुकात असा बदल करता येतो की ते बंद न पडता मंद चालतं. त्या प्रतीला हायपोमॉर्फ म्हणतात. प्रजननाच्या अभ्यासात मला हे मधले प्रकार सर्वांत मोलाचे वाटतात, कारण पूर्ण नॉकआउट कित्येकदा जन्मालाच येत नाही. एकेक जनुक बंद करून उंदरात काय बदलतं ते तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय उंदीर फीनोटाइपिंग संघाने २०१६ मध्ये पहिल्या १,७५१ जनुकांचा लेखाजोखा मांडला, त्यातली ४१० जनुकं पूर्ण बंद केल्यावर पिल्लं जगत नव्हती. जो प्राणी गर्भातच जातो त्याची प्रजननक्षमता तपासणार कशी?

हे सगळं उंदरांवरच का?

मादी दर ४-५ दिवसांनी माजावर येते, सुमारे २० दिवस गाभण राहते आणि एका वेतात साधारण ६ ते ८ पिल्लं देते. पिल्लं २१ दिवसांनी आईपासून तोडता येतात आणि ६ ते ८ आठवड्यांत स्वतः वयात येतात. वर्षभरात तीन-चार पिढ्या पाहायला मिळतात. शिवाय एकाच वंशाचे उंदीर जनुकीयदृष्ट्या जवळजवळ सारखे असतात, म्हणून दिसलेला फरक त्या एका जनुकामुळेच आहे असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

एक प्रत गेली, म्हणजे निम्मं उत्पादन. तेवढ्यावर भागतं का?

बहुतेक जनुकांचं भागतं. हेटरोझायगस उंदीर सहसा निरोगी असतात आणि त्यांना पिल्लंही होतात. पण काही जनुकं अपवाद आहेत.

रक्तवाहिन्या घडवणारं व्हीईजीएफ हे त्यातलं सर्वांत ठळक. १९९६ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की या जनुकाची एकच प्रत गेली तरी गर्भातल्या रक्तवाहिन्या नीट तयार होत नाहीत आणि गर्भ अर्ध्या वाटेवरच मरतो. दुसरी प्रत धडधाकट असूनही! वाढत्या गर्भाला या प्रथिनाची ठरावीक मात्रा लागते आणि निम्म्यात ते काम होत नाही.

मग ५ टक्क्यांवर कुणाचं भागतं का?

भागतं, आणि हे उदाहरण अगदी शांतपणे समजून घेण्यासारखं आहे. किस-१ या जनुकापासून किसपेप्टिन बनतं. ते मेंदूतल्या जीएनआरएच (प्रजननाची साखळी सुरू करणारं संप्रेरक) बनवणाऱ्या पेशींना जागं करतं, त्यांच्याकडून पिच्युटरी ग्रंथीला आणि तिथून अंडाशयाला किंवा वृषणाला संदेश जातो. किसपेप्टिन किंवा त्याचा ग्राही (त्याचा संदेश पकडणारं पेशीवरचं प्रथिन) अजिबात नसेल तर उंदीर नीट वयातच येत नाहीत.

पण किसपेप्टिन बनवणाऱ्या जवळजवळ सगळ्या चेतापेशी नष्ट करूनही प्रजनन चालू राहिल्याचं एका प्रयोगात दिसलं आणि अभ्यासक कोड्यात पडले. मग २०१३ मध्ये असे उंदीर तपासले गेले ज्यांच्यात किस-१ चा आरएनए सुमारे ९५ टक्क्यांनी घटलेला होता. नरांना नेहमीइतकीच पिल्लं झाली. माद्यांची प्रजननक्षमता मात्र चांगलीच खालावली, अंडमोचनही, म्हणजे अंडाशयातून अंडं सुटणंही, नीट होईना.

उरलेल्या ५ टक्क्यांत नराचं निभावलं, मादीचं नाही. नराला संप्रेरकांचा ठरावीक लयीत चालणारा पुरवठा पुरतो. मादीच्या शरीरात अंडं सुटण्याआधी एलएच संप्रेरकाची एकदम मोठी लाट उठावी लागते आणि तिच्यामागे किसपेप्टिनचा जोर लागतो. म्हणून या उंदरांचा अभ्यास फक्त नरांवर झाला असता तर ‘५ टक्के पुरे’ असा चुकीचा निष्कर्ष कायम झाला असता. कुठल्याही जनुकाबाबत नर आणि मादी दोघांनाही तपासल्याशिवाय प्रजननावरचा परिणाम कळला असं मी म्हणणार नाही.

काही जनुकांचा परिणाम वयाशी जोडलेला असतो का?

हो. बब-आर-१ हे प्रथिन पेशीविभाजनात गुणसूत्रांची वाटणी नीट झाली की नाही यावर पहारा ठेवतं. ते पूर्ण काढलं तर गर्भ अगदी सुरुवातीलाच जातो. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटाने नेहमीच्या सुमारे १० टक्केच बब-आर-१ बनवणारे उंदीर तयार केले. ते जन्मले, वाढले, पण लवकर म्हातारे झाले: पाठीला बाक, डोळ्यांत मोतीबिंदू, आयुष्य कमी. नर आणि मादी दोघंही वांझ होते. विशेष म्हणजे साध्या उंदरांतही वय वाढतं तसं अंडाशयात आणि वृषणात हे प्रथिन कमी होत जातं, असं त्याच गटाला आढळलं. आईचं वय वाढल्यावर बीजांडात गुणसूत्रांच्या चुका का वाढतात, या प्रश्नाला त्यामुळे एक नवा धागा मिळाला.

पिल्लं होत नाहीत एवढंच दिसतंय. दोष नेमका कुठे, हे कसं शोधायचं?

टप्प्याटप्प्याने. आधी जोडी लागली का ते पाहतात. मिलनानंतर मादीच्या योनीत वीर्याचा घट्ट गोळा बसतो. त्याला प्लग म्हणतात आणि सकाळी लवकर पाहिला तरच तो सापडतो. प्लग दिसला त्या दिवशी गर्भ अर्ध्या दिवसाचा धरतात. प्लगच नसेल तर संप्रेरकं, वास ओळखणं किंवा वर्तन यांत अडचण असू शकते. प्लग आहे पण मादी गाभण नाही, तर बीजांडं सुटली का, फळली का, हे पाहायचं. गाभण राहून पिल्लं झाली नाहीत, तर गर्भाशय उघडून गर्भ किती ठिकाणी रुजले होते ते मोजायचं. शोषल्या गेलेल्या गर्भांच्या जागी गडद ठिपके दिसतात.

यासोबत मेंडेलचं गणित असतंच. दोन हेटरोझायगस उंदरांची जोडी लावली तर पिल्लांत १:२:१ (दोन्ही प्रती चांगल्या : एक मोडकी : दोन्ही मोडक्या) हे प्रमाण यायला हवं. दोन्ही प्रती मोडलेली पिल्लं एकही मिळाली नाहीत आणि वेतंही लहान येत असली, तर ती पोटात मरत आहेत असं समजायचं. हा मार्ग फार जुना आहे. १९०५ मध्ये फ्रान्समध्ये ल्युसिएँ क्वेनो यांच्या लक्षात आलं की पिवळे उंदीर आपसात जोडले तर शुद्ध पिवळा वंश कधीच तयार होत नाही. दोन पिवळ्या प्रती मिळालेला गर्भ जगतच नाही, हा उलगडा पुढे १९१० मध्ये झाला.

नराची चाचणी करताना घाई नको. उंदरात शुक्राणू तयार व्हायला सुमारे ३५ दिवस लागतात. आज जनुक दाबलं आणि पुढच्याच आठवड्यात जोडी लावली, तर जनुक दाबण्याआधी तयार झालेले शुक्राणूच तपासले जातील.

मादी निरोगी, बीजांडं फळतात, तरी गर्भ वाढत नाहीत. असं का होतं?

पहिल्या एक-दोन दिवसांत गर्भ स्वतःच्या जनुकांवर चालत नाही. आईने बीजांडात भरून ठेवलेल्या आरएनए आणि प्रथिनांवर त्याचं सगळं चालतं, घर सोडून निघालेल्याला बांधून दिलेल्या शिदोरीसारखं. उंदरात गर्भाची स्वतःची जनुकं दोन पेशींच्या अवस्थेत जोमाने कामाला लागतात.

ही शिदोरी अपुरी असेल तर काय होतं, हे मेटर या जनुकाने २००० साली दाखवून दिलं. हे जनुक नसलेल्या माद्या दिसायला ठणठणीत होत्या. त्यांची बीजांडं सुटायची, फळायची, आणि गर्भ दोन पेशींवर येऊन थांबायचा. बापाकडून मेटरची चांगली प्रत मिळाली तरी उपयोग नव्हता, कारण ती कामाला लागेपर्यंत वेळ निघून गेलेली असायची. उलट, मेटर नसलेल्या नरांना पिल्लं व्यवस्थित होत होती. अशा जनुकांना मातृप्रभावी जनुकं म्हणतात. इथे पिल्लाचं जनुकीय रूप तपासून काहीच कळत नाही, तपासायची ती आई.

डीएनएमटी-३एल हे असंच आणखी एक. आईत ते नसेल तर बीजांडातल्या डीएनएवर ज्या रासायनिक खुणा बसायला हव्यात त्या बसत नाहीत. गर्भ रुजतो, वाढायला लागतो आणि निम्मे दिवस भरण्याआधीच मरतो.

जनुक आईकडून आलं की बापाकडून, याने फरक पडतो?

बहुतेक जनुकांत नाही. पण छापांकित जनुकांची एक छोटी जमात आहे, तिच्यात एकाच पालकाची प्रत चालू असते. आयजीएफ-२ हे वाढीचं जनुक गर्भात बापाकडून आलेल्या प्रतीवरून चालतं. १९९१ च्या सुमारास आर्गिरिस एफस्ट्राटियाडिस यांच्या गटाने दाखवलं की मोडलेली प्रत बापाकडून आली तर पिल्लाचं वजन नेहमीच्या सुमारे ६० टक्के भरतं. तीच प्रत आईकडून आली तर पिल्लू अगदी नेहमीसारखं! लहान राहिलेली ही पिल्लं पुढे प्रजननक्षम होती.

याच्या उलट बाजूला आयजीएफ-२चा ग्राही आहे. तो आईच्या प्रतीवरून चालतो आणि वाढीला आवर घालतो. आईकडून मोडकी प्रत आली तर पिल्लू नको तितकं वाढतं आणि सहसा जन्माच्या आसपास दगावतं.

म्हणून प्रयोगात कोणती प्रत कुणाकडून आली हे लिहून ठेवणं अत्यावश्यक आहे. पिंजऱ्याच्या कार्डावर नुसतं ‘हेट’ लिहिलं तर अर्धी माहिती हरवते.

पिल्लं जिवंत जन्मतात, पण दोन दिवसांत मरतात. दोष पिल्लांचा की आईचा?

हा प्रश्न प्राणिगृहात सगळ्यात जास्त वेळा येतो. उत्तर शोधण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे पिल्लांची अदलाबदल. ही पिल्लं दुसऱ्या, नुकत्याच व्यायलेल्या निरोगी मादीखाली ठेवायची आणि तिची पिल्लं या मादीला द्यायची.

ऑक्सिटोसिन नसलेल्या माद्यांवरचं १९९६ मधलं काम मला फार शिकवणारं वाटतं. ऑक्सिटोसिन म्हणजे प्रसूतीचं संप्रेरक अशी आपली समजूत. पण या माद्या गाभण राहिल्या, सुखरूप व्यायल्या, पिल्लांना जवळही घेत होत्या. पान्हा मात्र सुटत नव्हता. पिल्लं आचळाला लागायची आणि पोटात दूध न जाता मरायची. आईला ऑक्सिटोसिन टोचलं की पान्हा सुटायचा आणि पिल्लं जगायची. नवजात पिल्लाच्या पातळ कातडीतून पोटातलं दूध पांढरं दिसतं, त्यामुळे दूध मिळालं की नाही हे नुसत्या डोळ्यांनी तपासता येतं.

त्याच वर्षी फॉस-बी या जनुकाचा निकाल आला. ते नसलेल्या माद्यांत दूध होतं, शरीर ठीक होतं, पण विखुरलेली पिल्लं गोळा करून त्यांच्यावर बसायचं काम त्या करत नव्हत्या. पिल्लं गारठून, उपाशी मरायची. चांगल्या आईकडे दिली की तीच पिल्लं जगायची.

पेग-३ या जनुकाची गोष्ट अजून मिटलेली नाही. १९९९ मध्ये असं मांडलं गेलं की बापाकडून मोडकी प्रत मिळालेल्या माद्या पिल्लांची हेळसांड करतात. २०१६ मध्ये दुसऱ्या एका गटाने त्याच जनुकाची वेगळ्या पद्धतीने मोडलेली प्रत तपासली, तेव्हा माद्यांचं वागणं आणि दूध पाजणं नेहमीसारखं आढळलं.

ज्या पिल्लाला मोडकी प्रत मिळालीच नाही, त्याच्यावरही परिणाम होऊ शकतो?

होऊ शकतो. आईमुळे होणारा परिणाम वर आलाच आहे. त्याहून चकित करणारं काम २००६ मध्ये फ्रान्समधल्या नीस इथून मिनू रसूलझादेगान यांच्या गटाने प्रसिद्ध केलं. किट जनुकाची एक प्रत मोडलेल्या उंदरांच्या शेपटीचं टोक आणि पाय पांढरे असतात. त्यांच्या ज्या पिल्लांना दोन्ही प्रती चांगल्या मिळाल्या होत्या, त्यांतल्याही अनेकांच्या शेपट्या पांढऱ्या निघाल्या, आणि किटचा पूर्ण लांबीचा आरएनएही कमी होता. अशा उंदरांचा आरएनए साध्या फळलेल्या बीजात टोचल्यावरही पांढऱ्या शेपटीची पिल्लं झाली. म्हणजे डीएनएतला बदल न मिळताही शुक्राणूतल्या आरएनएने काहीतरी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवलं होतं.

आहाराचं उदाहरण अनेकांनी ऐकलेलं असतं. अगूटी जनुक बेताल चालू राहिलं तर उंदीर पिवळा आणि लठ्ठ होतो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वॉटरलँड आणि जर्टल यांनी अशा एका वंशात आईला फोलिक आम्ल, बी-१२, कोलीन आणि बीटेन जास्त दिलं. पिल्लांत त्या जनुकावरच्या मिथाइल खुणा (जनुक शांत ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) वाढल्या, जनुक शांत झालं आणि तपकिरी पिल्लांचं प्रमाण वाढलं. इथे अभिव्यक्ती कमी होणं पिल्लांच्या फायद्याचं ठरलं. मात्र हा त्या वंशातल्या एका विशिष्ट डीएनए-तुकड्याचा गुण आहे. त्यावरून गरोदर बाईने गोळ्या वाढवाव्यात असा अर्थ काढू नये.

महाराष्ट्रात या विषयावर काही काम झालं आहे का?

झालं आहे. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेतल्या एका गटाने उंदराच्या वृषणात १४-३-३ गॅमा या प्रथिनाची अभिव्यक्ती कमी करून पाहिली. २०१४ मधल्या निष्कर्षांनुसार पेशींना एकमेकींशी घट्ट जोडणारी प्रथिनं पेशीच्या कडेपर्यंत पोहोचेनाशी झाली, वृषणाची आतली रचना विस्कटली आणि शुक्राणू तयार होण्यात बिघाड झाला. मूळ प्रश्न पेशींच्या चिकटण्याचा होता, उत्तर मिळालं प्रजननाच्या अवयवात. प्रजननाच्याच विषयाला वाहिलेली आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) राष्ट्रीय संस्था मुंबईत परळला आहे.

भारतात असे प्रयोग १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येतात. नोंदणीकृत प्राणिगृह आणि संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी नसताना एकही जोडी लावता येत नाही.

एकाच जनुकाबद्दल दोन प्रयोगशाळांचे निकाल वेगळे कसे?

पहिलं कारण वंश. ईजीएफआर हे जनुक बंद केल्यावर एका वंशात गर्भ रुजण्याच्या सुमारास मरतो, दुसऱ्यात गर्भावस्थेच्या मध्यावर, तर तिसऱ्यात पिल्लू जन्मून तीन आठवड्यांपर्यंत जगतं. हे १९९५ मध्येच प्रसिद्ध झालं. बाकीची जनुकं उणीव किती भरून काढतात, यावर हे ठरतं.

दुसरं कारण पद्धत. शुक्राणूचा डीएनए घट्ट बांधणाऱ्या प्रोटामीन-१ आणि प्रोटामीन-२ यांपैकी एकाचीही एक प्रत गेली तर नर वांझ होतो, असं २००१ मध्ये सांगितलं गेलं. ते नर बदललेल्या मूलपेशी साध्या गर्भात मिसळून बनवलेले होते, म्हणजे त्यांच्या शरीरात दोन प्रकारच्या पेशी होत्या. २०१६ मध्ये जर्मनीत क्रिस्परने (डीएनए हव्या त्या जागी कापण्याचं तंत्र) प्रोटामीन-२ची एक प्रत मोडली, तर नर प्रजननक्षम निघाले. दोन्ही मोडल्यावरच वांझ झाले. प्रोटामीन-१ची एक प्रत गेल्यावर मात्र प्रजननक्षमता खरोखरच घटते, असं २०२२ मध्ये दिसलं. म्हणून शोधनिबंध हाती आला की मी आधी वंश, प्रत मोडण्याची पद्धत आणि प्रथिन मोजलं आहे का, या तीन गोष्टी शोधते.

हे माणसाला लागू होतं का?

काही जनुकांत आश्चर्य वाटावं इतकं. किसपेप्टिनच्या ग्राहीतला दोष आधी वयात न आलेल्या माणसांमध्ये सापडला आणि २००३ मध्ये उंदरांत त्याला दुजोरा मिळाला. बापाकडून मोडकी आयजीएफ-२ मिळालेल्या एका कुटुंबातल्या व्यक्तींची वाढ खुंटलेली आढळली, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. उंदरात दिसलेल्या चित्राशी ते तंतोतंत जुळतं.

पण फरकही मोठे आहेत. माणसाच्या गर्भाची जनुकं चार ते आठ पेशींच्या सुमारास जागी होतात, उंदरापेक्षा उशिरा. उंदरीण एका वेळी अनेक पिल्लं वाढवते, त्यामुळे तिच्यात दोन गर्भ गेले तरी वेत होतंच. बाईच्या बाबतीत तोच गर्भपात असतो. आणि उंदराच्या मोजमापातले ‘५ टक्के पुरेसे’ किंवा ‘१० टक्के अपुरे’ हे आकडे माणसावर जसेच्या तसे बसवता येत नाहीत. स्वतःच्या तपासणीच्या अहवालात यांपैकी एखाद्या जनुकाचं नाव आलं असेल, तर तो अहवाल वैद्यकीय आनुवंशिकी तज्ज्ञाला दाखवा आणि जाताना जोडीदाराचा व दोघांच्या आईवडिलांचा वैद्यकीय इतिहास लिहून न्या.